बंदरावरचा डावरा

लग्नाच्या कॅसेटी काढण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. रामनगरच्या बसस्टँडजवळ माझा स्टुडिओ आहे, म्हणजे आता पाटी तेवढी आहे आणि आत पासपोर्ट फोटो काढून मिळतात. या पट्ट्यातल्या निम्म्या संसारांची सुरुवात माझ्या डोळ्यांदेखत झालेली आहे. पाठवणीला कोण खरं रडलं आणि कोण कॅमेरा वळला म्हणून रडलं, हे त्या घरच्या माणसांपेक्षा मला जास्त ठाऊक. त्यामुळं बघण्याच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवायला नको, अशी माझी पक्की समजूत होती. त्या समजुतीनं माझ्या आत्तीचं जे वाटोळं केलं ते इथं लिहून काढतोय.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नव्वदी तिनं कधीच ओलांडलीय. ऐन तारुण्यात नवरा गेला तशी ती माहेरी गुंदला परत आली ती कायमची, आणि आता माझ्या धाकट्या भावाच्या घरी असते. ती डावरी आहे. लहानपणी डाव्या हातानं जेवते म्हणून तिनं पुष्कळ मार खाल्ला. मारून झालं की आजी स्वतःच रडायला बसायची आणि म्हणायची, बापावर गेलीय, तिचा काय दोष.

तो बाप, म्हणजे माझा आजा, आत्ती रांगत होती तेव्हा बंदराच्या कामावर गेला. घाटाखाली समुद्रात धक्का बांधायचं काम चाललं होतं आणि त्याला लागणारं सागवान आमच्या रानातनं उतरत होतं. समुद्रात ठोकायच्या खांबांना आधी कुऱ्हाडीनं टोक काढावं लागतं. ओंडक्याच्या एका अंगाला एक आणि दुसऱ्या अंगाला दुसरा असे दोघं उभे राहून आळीपाळीनं घाव घालतात. त्यात एक उजवा आणि एक डावरा असला की कुणाला वाकडंतिकडं वळावं लागत नाही, दोघांची कुऱ्हाड सरळ पडते आणि काम झपाझप उरकतं. पण डावरा कुऱ्हाडवाला शोधून मिळत नाही. म्हणून मुकादम गावोगाव विचारत आला आणि आज्याला घेऊन गेला. वरच्या कुठल्यातरी गावचा एक उजवा त्याला जोडीदार मिळाला. दोन पावसाळे गेल्यावर तिकडनं परतलेल्या कुणीतरी निरोप आणला, की लाकडं घसरली आणि ती जोडी खाली सापडून मेली. वार नाही, तिथी नाही. तेव्हापासून आमच्या घरात आज्याचं पान सर्वपित्री अमावास्येला वाढतात.

त्याचा फोटो असायचा प्रश्नच नव्हता. माझ्या वडिलांना तो थोडाफार आठवत होता, पण वडील गेले. आत्तीला बाप आठवत नाही. त्याची म्हणून तिच्याकडं एकच गोष्ट होती, तिचा डावा हात.

दोन वर्षांपूर्वी आत्तीच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. बेळगावच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा एक डोळा गेलेलाच होता, आणि दुसऱ्यात मधोमध नाण्याएवढं दिसत होतं. भिंतीच्या भोकातनं शेजारच्या घरात बघावं तसं. डॉक्टर म्हणाले, थेंब घाला, पण हेही जाणार, पावसाळा निघाला तर नशीब. आत्तीनं परत येताना गाडीत एकदाच विचारलं, म्हणजे सगळं काळं व्हतंय काय रे. मी म्हणालो, बघू.

त्याच महिन्यात माझ्या गोव्यात नोकरीला असलेल्या मुलीनं मोबाईलवर एक फिल्म पाठवली. बोलपट यायच्या आधीची, मुकी. परदेशातल्या कुठल्यातरी संग्रहालयानं नेटवर घातलेली. आज्याची गोष्ट तिनं लहानपणापासून ऐकलेली, म्हणून तिनं लिहिलं होतं, बाबा, हे तेच बंदर आहे, शेवटापर्यंत बघा. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून कॉम्प्युटरवर लावली. दगड भरलेल्या रेल्वेच्या वाघिणी येतात आणि जातात. वाफेवर चालणारी यारी, म्हणजे क्रेन, दगड उचलून समुद्रात सोडते. तांब्याची घागर डोक्यावर पालथी घातल्यासारखा एक पाणबुड्या शिडीवरनं खाली उतरतो. पांढऱ्या कपड्यातला साहेब हात करकरून काहीतरी सांगतो आणि शंभर माणसं तोंडं हलवतात, पण आवाज एकाचाही नाही. मध्येमध्ये परक्या भाषेतल्या पाट्या येतात. त्यातली एक मुलीनं अर्थ लावून पाठवली होती: डोंगरातून आलेले लाकूडकामगार.

त्या पाटीनंतर अकरा सेकंद आहेत. एक ओंडका आडवा, त्याच्या दोन्ही अंगांना दोन माणसं. गुडघ्यावरचं पंचाएवढं धोतर, कमरेला मागं आकडी आणि आकडीत कोयता. असा कोयता कमरेला अडकवून कामाला जाणारी माणसं आमचीच, अख्ख्या बंदरावर दुसरं कुणी तसं जात नव्हतं. एका बाजूनं एक बाई टोपलीत ढलप्या भरून नेते. आणि त्या दोघांतला एक, कॅमेऱ्याकडं तोंड असलेला, डाव्या खांद्यावरनं कुऱ्हाड आणतो.

मी खुर्चीतनं उठलो आणि पुन्हा बसलो. डावरा आणि उजवा, एका ओंडक्यावर. आजी सांगायची, तशी जोडी बंदरावर एकच होती. मी त्या डावऱ्याचा चेहरा बघत राहिलो. रुंद कपाळ, गालाची हाडं वर आलेली, मिशी. थेट माझे वडील. हसू नका, त्या वेळी मला खरोखरच ते वडिलांसारखं दिसलं. बायकोला दाखवलं, तिलाही दिसलं. धाकट्या भावाला दाखवलं, तो म्हणाला, नाक बघ की, आपलंच नाक हाय. ज्याला जे बघायचं असतं ते त्याला दिसतं, हे लग्नघरात मी हजारदा अनुभवलंय, पण स्वतःच्या घरात दिव्याखाली अंधार.

आत्तीला नाण्याएवढंच दिसत होतं. अख्खं चित्र दाखवलं असतं तर तिला कधी ओंडका दिसला असता, कधी कुणाचा पाय. म्हणून मी माझी सगळी विद्या पणाला लावली. तीन दिवस बसून तेवढे अकरा सेकंद वेगळे काढले, त्यांचा वेग कमी केला, थरथर घालवली, आणि कडेचं सगळं कापून टाकून डावऱ्याचा चेहरा एवढा मोठा केला की पडदाभर तोच. मला भारी अभिमान वाटत होता त्या कामाचा.

दुपारी मी लॅपटॉप घेऊन गुंदला गेलो. आत्ती पडवीत काटेकणगं, म्हणजे आमच्याकडचे कंद, सोलत बसली होती. आता ती डोळ्यांनी न बघता नुसती हातांनी चाचपूनच सोलायची.

"आत्ती, तुझा बा आणलाय," मी म्हणालो.

"मस्करी करतोस व्हय रे म्हातारीची?"

मी सगळं सांगितलं. तिनं पातेलं बाजूला सारलं, हात लुगड्याला पुसले. मी लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला. ती इतकी जवळ वाकली की तिच्या उजव्या खांद्यावरची लुगड्याची गाठ काचेला घासत होती. मान इकडंतिकडं फिरवत तिनं तो चेहरा शोधला आणि सापडल्यावर मान अगदी स्थिर धरली.

"हालतोय," ती म्हणाली.

"व्हय. काम करतोय."

"त्येला जरा थांबीव."

मी थांबवला. तिनं डावा हात उचलून काचेवर ठेवला. "दादावानी कपाळ हाय," माझ्या वडिलांची आठवण काढून ती म्हणाली. "लई तरणा हाय रे. माझा नातू शोभंल." आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "हितं ठिवून जा हे. जाईल तवर बघते."

काय जाईल, ते मी विचारलं नाही. लॅपटॉप तिथंच ठेवला, कुठलं बटण दाबायचं ते भावाच्या सुनेला दाखवलं आणि परतलो. त्यानंतर सात आठवडे आत्तीनं तो चेहरा बघितला. वीज नसली की ती रागवायची. कपाळापासून सुरू करून ती तुकड्यातुकड्यानं खाली यायची, भिंत सारवावी तशी, एका हाताला लागून दुसरा हात मारत. थेंब घालायचेसुद्धा त्याला बघून झाल्यावर. सून सांगायची, आत्तीबाय बोलतात त्या माणसाशी. गणपतीच्या आधी एका सकाळी तिनं बटण दाबायला सांगितलं आणि मग म्हणाली, लागलं न्हाई गे. लागलं होतं.

नजर गेली ती गेली. पण आत्ती शांत होती. मी भेटायला गेलो तर म्हणाली, मला काय आता, डोळं मिटलं काय आन् उघडलं काय, बा हाय. त्याचा फोटो करून भिंतीला लाव म्हणाली. तिला दिसणार नव्हता, पण जाता येता हात लावीन म्हणाली.

फोटोसाठी मी पुन्हा मूळ चित्र काढलं. भिंतीवर नुसता चेहरा बरा दिसत नाही, ओंडका, जोडीदार, बाई, सगळं असू दे म्हटलं. मोठी प्रिंट काढली आणि चौकट बसवायच्या आधी बायकोच्या हातात दिली.

ती बघत राहिली. "ही ढलप्या नेणारी आमच्यातलीच न्हवं काय ओ?"

"आमच्यातलीच."

"मग गाठ ह्या खांद्यावर कशी?"

आमच्या जुन्या बायका पदर उजव्या खांद्यापुढं आणून गाठ मारतात. सगळ्या उजव्याच. डाव्या खांद्यावर गाठ मारलेली बाई आमच्या अख्ख्या तालुक्यात कुणी बघितली नसेल. त्या बाईची गाठ डाव्या खांद्यावर होती. आणि मी तिला दोनशे वेळा बघितलं होतं. रोज साडीवाल्या बायकांच्या डाव्या खांद्यावर पदर बघून माझे डोळे निबर झालेले, मला त्यात काही खटकलंच नाही.

तरणा असताना मी बेळगावला एका डार्करूममध्ये उमेदवारी करत होतो. तिथं एकदा निगेटिव्ह उलटी लावून मी एका लग्नाचा अख्खा आल्बम छापला होता, आणि नवरीचा बाप भांडायला आला होता, की पोरीला नवऱ्याच्या ज्या बाजूला बसवली ती बाजूच बदलली कशी. तेव्हा खाल्लेल्या शिव्या मला अजून पाठ आहेत. प्रिंट आरशापुढं धरली. बाईची गाठ उजवीकडं गेली. ओंडक्यावर रंगवलेलं जे चिन्ह मी परदेशी अक्षर समजत होतो, तो सरळ इंग्रजी चारचा आकडा झाला. आणि मी बापाच्या जागी बसवलेला तो रुंद कपाळाचा माणूस उजव्या खांद्यावरनं कुऱ्हाड आणत होता.

बाकीची सगळी फिल्म सुलटी होती. फक्त तेवढाच तुकडा कधीतरी, कुणाच्यातरी हातनं, पालथा जोडला गेला होता. डावरा होता तो ओंडक्याच्या दुसऱ्या अंगाचा. मान खाली घालून काम करणारा, बारीक अंगाचा, ज्याला मी नीट बघितलंसुद्धा नव्हतं. तोच आजा. त्याला मी माझ्या हातानं चित्रातनं कापून काढलं होतं, आणि आत्तीची शेवटची सात आठवड्यांची नजर मी परक्या माणसावर खर्चायला लावली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, एवढं म्हणून हे भागत नाही. मला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं बेळगावला गेलो. डॉक्टरांना म्हणालो, ऑपरेशन करा, लेझर करा, काय असेल ते करा, मला तिची नजर कायमची नको, अकरा सेकंद पुरेत. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं डोळ्याचं चित्र काढून समजावलं, की आतली शीर एकदा सुकली की सुकली. मी म्हणालो, पाच सेकंद. त्यानं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, तुम्ही बाहेर बसून पाणी प्या. मी पाणी प्यालो आणि पुन्हा आत गेलो. कंपाऊंडरनं हाताला धरून बाहेर आणलं.

बायको म्हणाली, सांगू नका, म्हातारीनं समाधान मानलंय, मोडू नका. मी ऐकलं. फोटोसुद्धा लावला नाही, चौकट मिळाली नाही अशी थाप मारली. आत्ती दर खेपेला विचारायची आणि मी दर खेपेला चौकटवाल्याला शिव्या द्यायचो. त्या गरिबाला उचक्या लागून लागून जीव नकोसा झाला असेल.

पण सर्वपित्री आली. गुंदला गेलो, आंघोळ केली. चुलीवर सगळं शिजत होतं. पानं वाढून अंगणात ठेवायचं काम थोरला म्हणून माझं. आत्ती नेसून पडवीत बसली होती, उजव्या खांद्यावर घट्ट गाठ.

"आजवर नुसतं पान ठेवलं बग," ती म्हणाली. "कुणाला ठेवलं ठावं न्हाई. भिंतीला नमस्कार केल्यागत. आज पयल्यांदा तोंड म्होरं हाय."

तिथं माझा धीर सुटला. तिच्यापुढं बसलो आणि सगळं सांगून टाकलं. पालथी पट्टी, गाठ, चारचा आकडा.

"मग बा कुठं हुता?"

"समोरच होता. ओंडक्याच्या पलीकडं."

"मग मला का दिसला न्हाई?"

"मी कापून टाकला होता, आत्ती. तुला हा मोठा दिसावा म्हणून."

तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. आतनं सुनेनं विचारलं, पानं घ्यायची का.

"कसा हाय, सांग," आत्ती म्हणाली.

मी लॅपटॉप उघडला. चित्र सुलटं करून घेतलेलं होतं. सांगू लागलो. अंगानं बारीक आहे. छातीच्या फासळ्या मोजाव्यात अशा. मान खाली आहे, केस कपाळावर आलेत. डाव्या खांद्यावरनं कुऱ्हाड येते. शेवटाला एकदाच वर बघतो आणि मनगटानं घाम पुसतो.

"कुठल्या हातानं?"

"डाव्या."

आत्तीचा डावा हात आपोआप कपाळाकडं गेला. तसंच, हुबेहूब, मनगट वळवून.

"पुन्यांदा सांग."

पुन्हा सांगितलं. तिनं पाच-सहा वेळा सांगायला लावलं. डोळे कसे, कान कसे, वर बघताना हसतो का. नाही हसत, मी म्हणालो, नुसता बघतो. ती डोळे मिटून, भुवया आवळून ऐकत होती, विहिरीत पडलेला तांब्या गळानं चाचपडत शोधावा तशी. मग तिनं मान हलवली.

"ऐकू येतंय रे. पर दिसत न्हाई. तू बारीक म्हंतोस, केस म्हंतोस, आन् त्यो रुंद कपाळाचाच येऊन हुबा ऱ्हातोय."

मी म्हाताऱ्या बाईसमोर पोरासारखा रडलो. साठी उलटलेल्या माणसाचं रडणं चांगलं दिसत नाही, कॅमेऱ्यात तर मुळीच नाही, पण बघणारं कुणी नव्हतं. आत्तीनं हात लांब करून माझं डोकं शोधलं आणि त्यावर ठेवला. थोपटलं मात्र नाही.

"त्या मानसाच्या मागं कोन असंल?" तिनं विचारलं.

"माहीत नाही. गावसुद्धा माहीत नाही."

"त्येला कोन पान ठेवत असंल?"

"काय सांगायचं."

"दोन पानं वाढ," ती म्हणाली.

सुनेनं दुसरं पान मांडलं. भात, वडे, कणगं, दोन्हींवर सारखं. मी ती अंगणात नेली. दारात उभ्या असलेल्या आत्तीला विचारलं, आज्याचं कुठलं, उजवीकडचं की डावीकडचं.

"तू नुसती ठेव," ती म्हणाली. "वळकायचं काम ह्या खेपेला तुझं न्हवं."